दोन कार्यालये, एक दिंडी दरवाजा

वेरूळच्या डोंगरकड्यात चौतीस लेणी एका रांगेत कोरलेली आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. बहुतेकांचे अंगण आणि प्रवेशद्वार आपापले आहे. मात्र शेवटच्या ३४ क्रमांकाच्या लेण्यात जायचे, तर शेजारच्या ३३ क्रमांकाच्या म्हणजे जगन्नाथसभेच्या डाव्या बाजूच्या वाटेतून जावे लागते. दोन लेणी जोडली गेली, पण म्हणून मधली भिंत पाडली गेली नाही. आवश्यक तेवढी वाट ठेवली आणि बाकीचा खडक तसाच राहू दिला.

आजच्या कार्यालयांपुढे नेमका हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. दोन संस्थांची, अथवा एकाच संस्थेच्या दोन शाखांची संगणकीय नेटवर्क्स एकमेकांना जोडायची असतात. कामासाठी ते गरजेचेच असते. परंतु एका कार्यालयातील प्रत्येक संगणकाला दुसऱ्या कार्यालयातील प्रत्येक संगणक दिसावा, अशी कुणाचीच इच्छा नसते. जोडणी करून देणारा तंत्रज्ञ तासाभरात तार जोडून, राउटर बसवून निघून जातो. 'आता सगळे सगळ्यांना दिसते,' असे तो अभिमानाने सांगतो आणि मालकही समाधान पावतो. खरे तर धोक्याची सुरुवात त्याच क्षणी झालेली असते.

'सगळे सगळ्यांना दिसते' याची किंमत

एका नेटवर्कमधील सर्व संगणक एकमेकांशी निर्बंधांविना बोलू शकत असतील, तर त्या रचनेला जाणकार 'सपाट' नेटवर्क म्हणतात. घर म्हणून विचार केला, तर ओसरी, माजघर, देवघर, कोठीची खोली यांना भिंतीच नाहीत, असे ते घर. अशी दोन घरे मधली भिंत पाडून एक केली, की एका घरात शिरलेला चोर दुसऱ्या घराच्या तिजोरीपर्यंत विनासायास पोहोचतो.

याचा अनुभव महाराष्ट्राच्या किनाऱ्याने २०१७ मध्ये घेतला. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम पसरू लागला. तेथील व्यवसायांत हिशेब व करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'मी-डॉक' नावाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून तो आत शिरला होता. डेन्मार्कची मर्स्क ही जगातील बलाढ्य जहाज कंपनी त्याच्या तडाख्यात सापडली. युक्रेनमधील एका कार्यालयाशी संबंधित ही बाधा काही तासांत कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पोहोचली. मर्स्क समूहाच्या ७६ बंदर टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांचे काम विस्कळीत झाले. त्यांत आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही होते. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे आणि तो कोणत्या जहाजावर चढवायचा आहे, हे सांगणारे संगणकच मुके झाले. उरणच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागण्याची वेळ आली, तीही हजारो मैलांवरील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे.

पुढे दहा दिवसांत कंपनीला ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० सॉफ्टवेअर प्रणाली नव्याने उभ्या कराव्या लागल्या, असे तिच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत दावोस येथे सांगितले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरांचा होता. कंपनीच्या नेटवर्कमधील वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते आणि ते एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधील एक. तेथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. एका महाकाय कंपनीला योजनेने साधता आले नाही ते वीजकपातीने साधून दिले!

या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत 'वायर्ड' नियतकालिकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील एक तपशील प्रत्येक कार्यालयप्रमुखाने लक्षात ठेवावा असा आहे. कंपनीच्या सुरक्षा विभागाने नेटवर्कचे पुरेसे भाग पाडलेले नाहीत, हा धोका आधीच निदर्शनास आणला होता. सुधारणेला मान्यता आणि पैसाही मिळाला होता. पण त्या कामाची पूर्तता ही वरिष्ठांच्या कामगिरीचे मोजमाप ठरली नव्हती, म्हणून ते मागे पडत गेले.

आधी कागद, मग तार

एवढ्या मोठ्या कंपनीची गोष्ट आपल्या चार-दहा संगणकांच्या कार्यालयाला कशी लागू पडेल, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून एक लहान, काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी आणि लेणी पाहण्यासाठी येणाऱ्यांकरिता एक यात्री निवास आहे. तेथून सुमारे तीस किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर शहरात, एका प्रवास कंपनीचे कार्यालय आहे. दोन्ही संस्था वेगळ्या. पण भागीदारीत काम करतात. शहरातील कार्यालयाला निवासातील रिकाम्या खोल्या पाहून आरक्षण करायचे आहे. म्हणून दोन्ही नेटवर्क्स जोडावयाची आहेत.

येथे पहिले साधन म्हणजे कोरा कागद. त्यावर चार रकाने आखावेत: कोणाला, कोणाकडे, कशासाठी आणि केव्हा. आपल्या उदाहरणात यादी अशी होईल. शहरातील आरक्षण करणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना निवासातील खोल्यांच्या नोंदीचा सर्व्हर दिवसभर पाहता यावा. शहरातील हिशेबाच्या संगणकाला रात्री एकदा दिवसभराच्या जमेचा गोषवारा मिळावा. दोन्ही ठिकाणची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला निवासातील एका ठराविक संगणकावर ठरलेल्या वेळी काम करता यावे. झाली यादी! केवळ तीन ओळी.

या यादीत काय नाही, तेही पाहावे. प्रवास कंपनीचे हिशेब निवासातील कुणाला पाहण्याची गरज नाही. निवासातील पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती शहरातील कर्मचाऱ्यांना पाहण्याची गरज नाही. निवासातील प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे, स्वयंपाकघराच्या साठ्याची नोंद यांपैकी काहीच शहराला नको आहे. म्हणजे शेकडो शक्य वाटांपैकी फक्त तीन हव्या आहेत. ही यादी तंत्रज्ञाने नव्हे, तर काम ओळखणाऱ्या माणसाने करावयाची असते. तंत्रज्ञाला तार कशी जोडावी हे कळते. कोणी काय पाहावे, हे ठरविणे त्याचे काम नाही.

ओळखपत्रांच्या प्रतींचा उल्लेख सहज म्हणून केलेला नाही. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजण्याची जबाबदारी टाकली आहे. कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पाहुण्याने आपले ओळखपत्र निवासाच्या विश्वासावर दिलेले असते, प्रवास कंपनीच्या नव्हे.

पत्त्यांचा घोळ

कागदावरची यादी झाली, की प्रत्यक्ष जोडणीचा पहिला अडथळा समोर येतो तो पत्त्यांचा. नेटवर्कमधील प्रत्येक संगणकाला एक क्रमांकरूपी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. खासगी नेटवर्कसाठी पत्त्यांचे तीन गट १९९६ पासून राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. बाजारात मिळणारे अनेक राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० हाच गट घेऊन येतात आणि बहुतेक कार्यालये तो बदलत नाहीत.

परिणाम असा, की शहरातही १९२.१६८.१.२५ हा पत्ता असतो आणि वेरूळलाही. एका गावात दोन गल्ल्यांचे नाव आणि घरक्रमांक सारखेच असतील, तर टपालवाल्याचे जे होईल तेच येथे होते. शहरातील संगणकाला वाटते, की हा पत्ता तर आपल्याच खोलीतला आहे. त्यामुळे तो संदेश राउटरकडे पाठवतच नाही. जोडणी 'झाली' असे उपकरण दाखवते, पण काम होत नाही.

याचा सरळ उपाय म्हणजे एका कार्यालयाने आपला पत्त्यांचा गट बदलणे. शहराला १०.१०.१ आणि वेरूळला १०.२०.१ असे गट दिले, की कोणता संदेश कुठला, हे क्रमांकावरूनच कळते. पुढे तिसरी शाखा निघाली तर तिला १०.३०.१ देता येतो. बदल करणे अगदीच अशक्य असेल, तर सीमेवरील राउटरकडून पत्त्यांचे रूपांतर करून घेता येते. पण त्याने बिघाड शोधणे अवघड होते. दहा-वीस संगणकांचे कार्यालय असेल, तर एका रविवारी बसून पत्ते बदलून टाकावेत, हेच श्रेयस्कर.

पूल कोणता?

दोन गावांमधील जोडणीचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला, दूरसंचार कंपनीकडून भाड्याने घेतलेली स्वतंत्र वाहिनी, म्हणजे लीज्ड लाइन. ती भरवशाची असते, पण तिचा खर्च लहान संस्थांना परवडण्यासारखा नसतो. दुसरा मार्ग व्हीपीएनचा. दोन्ही ठिकाणी आधीच असलेल्या इंटरनेट जोडणीतून दोन राउटर आपापसांत एक सांकेतिक भुयार तयार करतात. त्यातून जाणारा मजकूर कूटलिपीत असल्याने वाटेतील कुणाला तो वाचता येत नाही. आयपीसेक आणि वायरगार्ड या त्याच्या प्रचलित पद्धती आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्हीपीएन आहे म्हणजे सुरक्षितता आहे, असे सर्रास समजले जाते. भुयार वाटेतील चोरापासून मजकुराचे रक्षण करते. परंतु भुयाराच्या एका टोकाला बाधित संगणक असेल, तर ते भुयार ती बाधाही तितक्याच सुरक्षितपणे दुसऱ्या टोकाला पोहोचवते. भुयार ही वाट आहे. पहारेकरी वेगळा नेमावा लागतो.

भुयाराच्या दुसऱ्या टोकाला खरोखर आपलाच माणूस आहे ना, याचीही खात्री करावी लागते. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून आलेली विनंती बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाण्याऐवजी मध्येच उभ्या केलेल्या एका बनावट 'स्विच'कडे जात होती आणि तोच परस्पर 'पैसे द्या' असे उत्तर देत होता. बँकेची मुख्य हिशेबप्रणाली अबाधित होती, पण तिला कुणी विचारतच नव्हते. तेव्हा दोन राउटरांनी एकमेकांची ओळख पटविण्यासाठी ठेवलेला गुप्त संकेत लांबलचक आणि अवघड असावा. तो फोनवर सांगू नये, एसएमएसने पाठवू नये आणि दोन्ही कार्यालयांत एकाच व्यक्तीपुरता ठेवावा.

पहारेकऱ्याचे नियम

हा पहारेकरी म्हणजे फायरवॉल. बहुतेक चांगल्या राउटरांत ती असतेच. दोन्ही टोकांना ती चालू असावी. कारण प्रत्येक संस्थेने आपले दार स्वतः राखावयाचे असते, शेजाऱ्याच्या कुलपावर विसंबायचे नसते.

जुन्या वाड्याचा मुख्य दरवाजा सदैव उघडा नसे. त्या भल्या थोरल्या दरवाजातच एक लहान दिंडी दरवाजा असे. माणसाने वाकून त्यातून यावे, देवडीवरच्या पहारेकऱ्याने त्याला पाहावे, मग पुढे सोडावे. फायरवॉलचे नियम याच रीतीने लिहावेत. मूळ नियम एकच: सर्व काही बंद. त्यानंतर कागदावरील यादीतील एकेक ओळ घेऊन तेवढ्यापुरती परवानगी द्यावी. याउलट, सर्व उघडे ठेवून धोकादायक तेवढे बंद करू, असे म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणता नवा धोका येईल, हे आजच ओळखावे लागते. ते कुणालाच जमत नाही.

प्रत्येक नियमाला चार अंगे असतात: कोठून, कोठे, कोणत्या सेवेसाठी आणि कोणत्या दिशेने. सेवा ओळखण्यासाठी पोर्ट क्रमांक असतात. सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३, विंडोजमधील फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी ४४५, दूरस्थ पडद्यासाठी ३३८९. आपल्या उदाहरणातील पहिला नियम असा लिहिता येईल: शहरातील १०.१०.१.२१ आणि १०.१०.१.२२ या दोन संगणकांना वेरूळच्या १०.२०.१.५ या सर्व्हरवर फक्त ४४३ क्रमांकाने जाऊ द्यावे. 'शहरातील सर्वांना वेरूळच्या सर्वांकडे' असा ढोबळ नियम लिहिणे सोपे असते, पण तो लिहिला की पहारेकरी नेमून त्याला झोपायला सांगितल्यासारखे होते.

४४५ हा क्रमांक विशेष लक्षात ठेवावा. नॉटपेट्या आणि त्याआधी २०१७ च्या मे महिन्यातील वॉनाक्राय यांनी याच सेवेतील दोषाचा फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्च २०१७ मध्येच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो बसवलेला नव्हता. दोन कार्यालयांमध्ये फाइलींची सामायिक पेटी उघडून ठेवणे सोयीचे वाटते. तरी ती दोन नेटवर्कच्या सीमेवरून जाऊ देऊ नये, हेच शहाणपणाचे.

दिशेचा मुद्दा अनेकदा विसरला जातो. संभाषण कोण सुरू करतो, याला महत्त्व असते. आजच्या फायरवॉल सुरू झालेले संभाषण लक्षात ठेवतात. शहराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वेरूळहून परत येण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. याचा फायदा घ्यावा. रात्रीचा जमेचा गोषवारा वेरूळच्या संगणकाने शहराकडे 'पाठवावा' की शहराच्या संगणकाने तो वेरूळहून 'मागवावा'? काम एकच. पण मागवण्याची पद्धत ठेवली, तर वेरूळहून शहराकडे संभाषण सुरू करण्याची एकही वाट उघडी ठेवावी लागत नाही. यात्री निवासात रोज नवी माणसे, नवे पेन ड्राइव्ह येतात. तेथे बाधा होण्याचा संभव अधिक. म्हणून ही दिशा बंद असणे फार मोलाचे.

नियमांचा क्रमही पाहावा. बहुतेक उपकरणे नियम वरून खाली वाचतात आणि पहिला लागू पडणारा नियम अमलात आणतात. 'सर्व बंद' हा नियम चुकून वर गेला, तर काहीच चालत नाही. ढोबळ परवानगी वर राहिली, तर खालचे बारकाईने लिहिलेले सारे नियम शोभेचे ठरतात.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

नियम काटेकोर लिहूनही घात होतो, तो आडवाटांनी. पहिली आडवाट पाहुण्यांच्या वाय-फायची. निवासातील पर्यटकांचे मोबाइल आणि कार्यालयाचे संगणक एकाच नेटवर्कवर असतील, तर सीमेवरील फायरवॉलचा अर्धा उपयोग संपला. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क असावे आणि त्यातून फक्त इंटरनेटला वाट असावी. एकाच तारेवर आणि एकाच स्विचवर अशी वेगवेगळी नेटवर्क्स पाडण्याची सोय असते. तिला व्हीलॅन म्हणतात. कॅमेऱ्यांचेही नेटवर्क असेच वेगळे ठेवावे.

दुसरी आडवाट दोन दारांच्या संगणकाची. एखाद्या संगणकाला एका बाजूने कार्यालयाची तार आणि दुसऱ्या बाजूने मोबाइलचे इंटरनेट जोडलेले असते. असा संगणक बाधित झाला, की त्या दुसऱ्या दाराने बाहेरचा मनुष्य कार्यालयात पोहोचतो आणि पहारेकऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिसरी आडवाट पासवर्डची. नॉटपेट्या केवळ सॉफ्टवेअरच्या दोषावर अवलंबून नव्हता. एका संगणकाच्या स्मृतीत सापडलेले पासवर्ड वापरून तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत होता. शहरातील आणि वेरूळच्या सर्व संगणकांवर देखभालीसाठी तंत्रज्ञाने एकच पासवर्ड ठेवला असेल, तर नेटवर्क वेगळे करूनही किल्ली एकच राहते. दोन संस्थांचे वापरकर्ते, त्यांचे पासवर्ड आणि बॅकअप पूर्णतः वेगळे असावेत. बॅकअपची एक प्रत तर कोणत्याच नेटवर्कला न जोडता कपाटात ठेवावी. घानातील योगायोगाने हेच शिकवले.

चौथी आडवाट विश्वासातील कंत्राटदाराची. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून २०१३ च्या अखेरीस चार कोटी ग्राहकांच्या कार्डांचा तपशील चोरीला गेला. चोरांना पहिला शिरकाव मिळाला तो वातानुकूलन आणि शीतकरणाचे काम करणाऱ्या एका लहान कंपनीच्या चोरलेल्या पासवर्डवरून. त्या कंपनीला बिले आणि कंत्राटाची कागदपत्रे पाठवण्यापुरता प्रवेश दिलेला होता. बिलाच्या खिडकीपासून गल्ल्यापर्यंत जाणारी वाट मध्ये कुणी रोखली नाही. चोर घरचा नव्हता, भागीदारही प्रामाणिक होता. तरी दोघांचेही नुकसान झाले. म्हणून जोडणीवरील निर्बंध हा भागीदारावरचा अविश्वास मानू नये. संकट आले तर ते एका घरापुरते राहावे, अशी ती दोघांच्या हिताची व्यवस्था आहे.

मधले अंगण

देवाणघेवाण वाढली, दोन्ही बाजूंना वारंवार फाइली द्यायच्या-घ्यायच्या असतील, तर एकमेकांच्या माजघरात ये-जा करण्याऐवजी मधले अंगण तयार करावे. म्हणजे एक स्वतंत्र, छोटे नेटवर्क आणि त्यात एकच सर्व्हर. शहर आपली फाइल तेथे ठेवील, वेरूळ ती तेथून उचलील. दोघेही अंगणापर्यंत येतील. अंगणातून कुणाच्याच घरात संभाषण सुरू करता येणार नाही. अंगणातील सर्व्हर बाधित झाला, तर तो पुसून नवा मांडता येतो आणि आतील कारभार थांबत नाही. मोठ्या बँका आणि कारखाने ही पद्धत वर्षानुवर्षे वापरत आहेत. लहान संस्थेलाही एका जुन्या, नव्याने सज्ज केलेल्या संगणकावर ती उभारता येते.

पोत्यात धान्य आहे की मीठ?

शहराकडून वेरूळला जाताना वाटेवरच देवगिरीचा किल्ला लागतो. ताशीव कडा, खोल खंदक, त्यावरून एकच अरुंद वाट आणि पुढे भुलभुलैयासारखी अंधारी. प्रवेश नियंत्रित कसा करावा, याचे याहून उत्तम उदाहरण शोधून सापडणार नाही. तरीही १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यापुढे रामदेवराय यादवांना नमते घ्यावे लागले. घाईघाईने किल्ल्यावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. वाट राखली, पण वाटेने काय आत आले, हे पाहिले नाही, हा त्या कथेचा बोध.

फायरवॉलचेही तसेच. परवानगी दिलेल्या वाटेने काय जाते-येते, याची नोंद ठेवली आणि ती कुणी वाचली, तरच पहाऱ्याला अर्थ. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि ठराविक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. दोन्ही कार्यालयांच्या उपकरणांतील घड्याळे एकच वेळ दाखवत असावीत. अन्यथा इकडची नोंद तिकडच्या नोंदीशी जुळत नाही आणि तपास खुंटतो.

नोंदींत काय पाहावे? नाकारलेल्या विनंत्या. वेरूळचा स्वागतकक्षातील संगणक मध्यरात्री शहरातील हिशेबाच्या सर्व्हरचे दार शंभर वेळा ठोठावत असेल, तर फायरवॉलने ते उघडले नाही हे चांगलेच. परंतु तो संगणक ठोठावत का होता, हा खरा प्रश्न आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर चाचणीही उलट्या बाजूने करावी. 'चालायला हवे ते चालते का' हे सगळेच पाहतात. 'चालू नये ते खरोखर बंद आहे का' हे क्वचित पाहिले जाते. वेरूळच्या एका संगणकावर बसून शहराचा हिशेब उघडण्याचा प्रयत्न करावा; पाहुण्यांच्या वाय-फायवरून कार्यालयाचा प्रिंटर शोधून पाहावा. प्रत्येक ठिकाणी नकार मिळाला, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

बाधा झाली, पण पसरली नाही

काळजीने केलेल्या विभाजनाचे फळ कसे दिसते, याचे उदाहरण तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाचे. मुंबईत मुख्यालय असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी मान्य केले, की एका संगणकात घातक प्रोग्रॅम आढळला होता आणि सर्ट-इनने त्याची सूचना ४ सप्टेंबरलाच दिली होती. तो संगणक प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या नेटवर्कवर होता. अणुभट्टीशी संबंधित महत्त्वाचे अंतर्गत नेटवर्क त्यापासून वेगळे ठेवलेले असल्याने तेथे बाधा पोहोचली नाही, असे महामंडळाने स्पष्ट केले. बाधा होणे ही नामुष्कीच. पण ती कार्यालयीन संगणकापाशी थांबली, यात विभाजनाचे सारे सार आले.

कॉसमॉसच्या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्याप्तीनुसार तिच्या पायऱ्या ठरवून दिल्या. पण गावोगावची यात्री निवासे, प्रवास कंपन्या, दवाखाने, शिक्षण संस्था आणि लहान कारखाने यांना तपासायला कुणी येत नाही. त्यांनी स्वतःच स्वतःचे तपासनीस व्हावयाचे आहे.

त्यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. नियम लिहिता येतील असे दोन बरे राउटर, पत्ते बदलण्यासाठी एक सुटीचा दिवस आणि कागदावरील ती तीन ओळींची यादी एवढे भांडवल पुरते. यादीखाली दोन्ही संस्थांच्या जबाबदार व्यक्तींची सही असावी. नवी वाट उघडायची झाली, तर 'तात्पुरती' म्हणून तोंडी परवानगी देऊ नये. ती कोणी मागितली, कशासाठी आणि कोणत्या तारखेला बंद होणार, हे यादीतच लिहावे. तात्पुरत्या वाटाच सर्वांत दीर्घायुषी ठरतात. दर सहा महिन्यांनी यादी आणि फायरवॉलचे नियम समोरासमोर ठेवून ताडून पाहावेत. जो नियम यादीत नाही, तो काढून टाकावा. कर्मचारी सोडून गेला, तंत्रज्ञ बदलला अथवा भागीदारी संपली, तर त्याच दिवशी संबंधित वाट आणि पासवर्ड बंद करावेत.

ज्यांची कार्यालये आधीच जोडली गेली आहेत, त्यांनी उद्या सकाळी आपल्या तंत्रज्ञाला एकच प्रश्न विचारावा: 'पलीकडच्या कार्यालयातून आपल्याकडे नेमके काय काय दिसते?' उत्तर लेखी मागावे. ते चार ओळींत मावले तर उत्तम. 'सगळे दिसते' असे उत्तर आले, तर त्या दिवशीच कोरा कागद घेऊन बसावे.